ढेकळाचे वकील

एक काम करून बघा, मनातल्या मनातच. तापीच्या काठी उभे राहा. पावसाळा संपलाय, पूर ओसरलाय आणि जिथे गेल्या उन्हाळ्यात दोन शेतं होती तिथे आता एकसारखा, ओला, काळाभोर गाळ पसरलाय. बांध नाही, दगड नाही, बाभळीचं खोडसुद्धा नाही. तुमच्या उजव्या हाताला एक माणूस उभा आहे, डाव्या हाताला दुसरा. दोघेही म्हणतात, शीव इथून जाते; आणि दोघांचं 'इथून' निराळं आहे. तुम्हाला मधली रेघ ओढायची आहे. मोजणीची साखळी आहे, सरकारी नकाशा आहे. ओढा.

आधी तुम्ही नकाशा उघडाल. नकाशातली शीव एका दगडापासून सुरू होते आणि तो दगड आता नदीच्या पोटात कुठेतरी आहे. मग नदीकडे बघाल. नदी वळणावर बाहेरचा काठ खाते आणि आतल्या काठावर गाळ टाकते. ती असं का करते हे समजावून सांगता येतं, पण तो गाळ कोणाचा हे काही त्यातून निघत नाही. शेवटी तुम्ही त्या दोन माणसांच्या तोंडाकडे बघाल.

वामनराव महाजनांनी सगळी हयात हेच केलं. आधी बुऱ्हाणपूरच्या कोर्टात वकील म्हणून, नंतर सरकारने नेमलेले मुन्सफ म्हणून. माणसाच्या तोंडावरून शीव वाचणं त्यांना चांगलं जमत असे. एकदा मात्र त्यांनी पाहिलंच नाही, आणि ज्याच्याकडे पाहिलं नाही तो त्यांचा एकुलता एक मित्र होता.

वामनराव मूळचे बहादरपूरचे. घर शेतकऱ्याचं. शाळेत हुशार निघाले म्हणून मामांनी शहरात नेलं, पण सुट्टी लागली की पोरगा धावत गावी यायचा, कारण शेजारच्या घरात शालिग्राम होता. शालिग्रामला अक्षरांचा कंटाळा आणि पाण्याची आवड. त्याने वामनला पोहायला शिकवलं, म्हणजे घाटावरून ढकलून दिलं आणि वर उभा राहून हसला. वामनने त्याला सही करायला शिकवली. एवढी देवाणघेवाण आयुष्यभराच्या मैत्रीला पुरली असती.

वकिलीची परीक्षा पास झाल्यावर वामनरावांनी बुऱ्हाणपूरच्या शनवारा पेठेत खोली घेतली. तेव्हा निमाडच्या त्या टोकाला जमिनीचे दावे खूप, आणि त्यांतले निम्मे नदीने लावलेले. या दाव्यांसाठी काठावरच्या गावांत एक जुनी रीत होती. वादातल्या जमिनीतलं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं, अनवाणी व्हायचं आणि आपल्याला माहीत असलेल्या खऱ्या शिवेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. मागून एक जण राख सोडत येणार. राखेची रेघ तीच शीव. चालणाऱ्याशी कोणी बोलायचं नाही. खोटं चाललं तर पुढच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आत घरातलं कोणीतरी जातं, अशी समजूत होती. आणि शेवटची एक अट होती. शीव चाललेल्या माणसाने त्या शिवेबद्दल पुन्हा जन्मात बोलायचं नाही. का तिथूनच चाललो, खरं चाललो की नाही, काही नाही. बोललं की ढेकूळ परत डोक्यावर चढतं, असं म्हणत.

इतर वकील या रीतीला हसत. वामनरावांनी तिला कायद्यात बसवलं. १८७३ च्या शपथांच्या कायद्यात एक सोय होती: एक पक्ष म्हणू शकतो की समोरच्याने आपल्या जातीगावात मानली जाणारी अमुक शपथ घेतली, तर मला त्याचं म्हणणं मान्य. मग कोर्टही ते मान्य करतं. वामनराव आपल्या पक्षकाराला ते म्हणायला लावत आणि समोरच्या माणसाकडे बघत बसत. खोटा असला की तो खाली बघायचा. दुसऱ्या दिवशी तडजोड. लोक त्यांना ढेकळाचे वकील म्हणू लागले.

संध्याकाळी ते गिरधरशेठच्या कलाबतूच्या दुकानात बसत. आत कारागीर सोन्याची तार ओढत असत, बाहेर गादीवर गप्पा.

"वकीलसाब," गिरधरशेठ विचारायचा, "घरात ढेकळं किती साठली? एखादं वावर झालं असेल आता!"

"तुमच्यासाठी एक राखून ठेवलंय शेठ. चालून दाखवा, तुमच्या तारेत सोनं किती ते."

"ना बाबा ना. आमच्या घरी पोरंबाळं आहेत."

आणि गादी हसायची.

असंच उत्तर एकदा कोर्टात आलं आणि कोणी हसलं नाही. धूलकोटकडचा एक म्हातारा समोर होता. वामनरावांच्या पक्षकाराने सांगितलं, याने ढेकूळ घेतलं तर मला मान्य. म्हातारा खाली बघेना. सरळ डोळ्यांत बघून म्हणाला, "मी खरा हाये. पण घरात नातवंडं हायेत. माझ्या बापानं दाखवलेली शीव, बाप चुकला असंल तं? मी नाही घेत डोक्यावर. जाऊ द्या वावर."

वावर गेलं. वामनराव जिंकले. त्या रात्री ते ताटावरून अर्धवट उठले.

"जिंकलात ना?" मथुराबाई म्हणाल्या. "मग भाकरी का टाकलीत?"

"म्हातारा खरा होता गं."

"मग जिंकलं कोण?"

पुढे काही महिने ते कोर्टात गेले, पण ढेकूळ कोणाला सांगितलं नाही. एका बाजूने भांडायचं नको, मधे बसून ठरवायचं, असं त्यांना वाटू लागलं. त्यांनी अर्ज केला आणि १९०८ साली ते मुन्सफ झाले. बैतूल, सिवनी, होशंगाबाद. शालिग्राम त्यांना बुऱ्हाणपूरच्या लालबाग स्टेशनवर पोचवायला आला होता. "सायब हो, मोठा हो," तो म्हणाला, "पण लवकर रिटायर हो. मासे वाट पाहून म्हातारे होतील."

मुन्सफाने काय करायचं नाही याची यादी मुन्सफाने काय करायचं याच्यापेक्षा मोठी असते. पक्षकाराच्या घरी जायचं नाही, लग्नाला जायचं नाही, पानाचा विडासुद्धा घ्यायचा नाही. परक्या गावात हे सोपं होतं. तिथे कोणी देतच नव्हतं. पण सातेक वर्षांनी मथुराबाईंना खोकला धरला. डॉक्टर हवापालट म्हणाले, त्या म्हणाल्या, "मला कुंडीचं पाणी पाहिजे. आपल्या गावचं." बुऱ्हाणपुरात जमिनीखालच्या जुन्या कालव्यांचं पाणी विहिरीसारख्या कुंड्यांतून भरत. स्वतःच्या गावी नेमणूक सहसा मिळत नसे. लढाईचे दिवस होते, माणसं कमी होती, म्हणून वामनरावांची विनंती वर मंजूर झाली. ते बुऱ्हाणपुरात परतले आणि परतताना त्यांनी मनाशी ठरवलं की आपल्याकडे बोट दाखवायला कोणाला जागा ठेवायची नाही.

त्यांनी चपराशी दगाला पहिल्याच दिवशी सांगितलं, "या दारातून आत काहीही येता कामा नये. पेरू नाही, लिंबू नाही. कोणीही असो."

"कोणीही म्हंजे, साहेब?"

"कोणीही म्हणजे कोणीही."

गिरधरशेठच्या दुकानावरून जाताना ते टांग्याचा पडदा ओढून घेत. पहिल्या आठवड्यात शालिग्राम आला, खांद्यावर खरबुजांचं पोतं. दगाने फाटकातच अडवलं. शालिग्रामला ती थट्टा वाटली.

"वामन्या!" त्याने रस्त्यावरूनच हाक मारली. "अरे खरबूज हाये रे, दावा नाही!"

वामनराव व्हरांड्यात आले. रस्त्यावर दोनचार माणसं थांबली होती. ते हळू आवाजात म्हणाले, "शालिग्राम, समजून घे. तुमच्या गावची प्रकरणं माझ्यापुढे येतात."

"गावचं कुठं आणलं? तापीच्या पोटातलं हाये. तापीचा दावा चालू हाये का तुझ्याकडे?"

लोक हसले. वामनरावांनाही हसू आलं होतं. त्यांनी ते दाबलं. ते दाबलेलं शालिग्रामला दिसलं नाही. त्याने पोतं उचललं, "बरं हुजूर," म्हणाला आणि गेला. 'हुजूर' त्याने थट्टेत म्हटलं की रागात, हे वामनरावांनी पुष्कळ दिवस घोळवलं. त्यानंतर शालिग्राम त्या रस्त्याने आला नाही. रिटायर झालो की जाऊ, बसू, समजावू, असं वामनराव स्वतःला सांगत राहिले. रिटायर व्हायला अजून पुष्कळ अवकाश होता.

मथुराबाईंना कुंडीचं पाणी वर्षभरच मिळालं. त्या गेल्या त्या दिवशी गाव लोटलं होतं. माणसं आली, खांदा दिला आणि निघून गेली. आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे, भाऊबंद पिठलं-भाकरी आणून देतात. मुन्सफाच्या घरी कोणी आणली नाही. साहेब काही घेत नाहीत हे सगळ्या गावाला पाठ झालं होतं. तिसऱ्या दिवशी दगाने स्वतःच्या अकलेने खिचडी टाकली.

"कोणी आलं नाही का रे?" वामनरावांनी विचारलं.

दगा घुटमळला. "आलं होतं साहेब. पहिल्याच दिवशी. बहादरपूरचे शालिग्राम पाटील. डोक्यावर पाटी, पिठलं-भाकरीची."

"मग?"

"मी परत धाडलं." तो पुढे म्हणाला, "तुमीच म्हणले होते ना, कोणीही म्हंजे कोणीही."

वामनराव दगाला बोलले नाहीत. हुकूम त्यांचाच होता आणि तो नीट पाळला गेला होता. त्यांना उठून बहादरपूरला जायला हवं होतं. गेले नाहीत. काय म्हणणार? माझ्या चपराशाने परत पाठवली? दगा तर नुसता फाटकात उभा होता.

घर रिकामं झालं. कोर्टातून आले की ते व्हरांड्यात बसत आणि रस्त्यावरची माणसं बघत. माणसं नमस्कार करत, थोडी वाकून, आणि चाल वाढवत. स्वयंपाकघरात दगा भांडी आपटायचा, तेवढाच आवाज. कधी कधी ते दगाला मुद्दाम विचारत, "बाजारात काय म्हणतात?" दगा सांगायचा, "काय नाय साहेब." मुन्सफाच्या चपराशापुढेही लोक जपून बोलत.

१९१७ चा पाऊस फार झाला. तापीने काठ धुऊन नेले, आणि थंडी सरता सरता वामनरावांपुढे एक दावा आला. वादी सोजरबाई, कडू पाटलाची विधवा, राहणार बहादरपूर. प्रतिवादी शालिग्राम.

नाव वाचून त्यांनी कागद खाली ठेवला. खंडव्याला जिल्हा न्यायाधीशांना दोन ओळी लिहिल्या असत्या, की प्रतिवादी माझ्या ओळखीचा आहे, तर दावा दुसरीकडे गेला असता. कुठलाही मुन्सफ तेच करील, आणि वामनराव तर पेरूसुद्धा परत करणारे. पण त्यांनी लिहिलं नाही. स्वतःला कारण दिलं की आमचं बोलणं नाही, जाणंयेणं नाही, मग ओळख कसली? ते कारण कागदावर टिकलं असतं. खरं कारण इतकंच होतं की तारखेला शालिग्राम कोर्टात येईल, कठड्याशी उभा राहील, आणि एका खोलीत तासभर आपण दोघे असू.

तारखेला तो आला. केस पांढरे झाले होते, हात जोडून उभा राहिला. वामनराव प्रश्न विचारत, तो उत्तर देई, आणि उत्तराच्या शेवटी 'हुजूर'. त्यात आता ना थट्टा होती ना राग.

भांडण साधं होतं. दोघांच्या शेतांमधून शीव रस्त्यापासून नदीपर्यंत जाई. पुराने बांध नेला. मधे एक जुना उंबर तेवढा टिकला. शालिग्राम म्हणे उंबर माझ्या शेतात. सोजरबाई म्हणे उंबर हीच शीव, अर्धा त्याचा, अर्धा माझा. कडूला पक्कं माहीत होतं, पण कडू गेला. सोजरबाईने वकील केला नव्हता.

"तुम्हाला वकील का नाही, बाई?" वामनरावांनी विचारलं.

"तो काय करणार साहेब? माझंच मला सांगणार, तेही इंग्रजीत." कोर्टात हशा झाला. मग ती म्हणाली, "मले वकील नको. शालिग्रामभाऊ ढेकूळ घेतील का, एवढं विचारा. ते चालतील ती शीव मले कबूल. माझं काही म्हणणं नाही मग."

सगळ्या जुन्या वकिलांनी खुर्चीकडे पाहिलं. ढेकळाच्या वकिलापुढे ढेकूळ आलं होतं.

कायद्याप्रमाणे वामनरावांना विचारणं भाग होतं. "प्रतिवादी, ही शपथ घ्यायला तयार आहात?"

"हाव हुजूर," शालिग्राम म्हणाला. "घेतो."

अशा वेळी मुन्सफ एखादा वकील नेमून पाठवतो आणि तो येऊन काय झालं ते लिहून देतो. वामनराव म्हणाले, "मी स्वतः येईन." शेजारी लिहीत बसलेल्या पेशकाराने मान वर करून पाहिलं. त्यांनी पुढची तारीख लावली, आखाजी झाल्यानंतरची.

त्या सकाळी सगळं बहादरपूर नदीकाठी जमलं होतं. वामनराव टांग्यातून उतरले. लोकांनी वाट दिली आणि ती वाट इतकी रुंद दिली की ते मैदानात एकटे उभे राहिल्यासारखे झाले. या गाळात ते लहानपणी लोळले होते. उंबराच्या पलीकडे घाटाची पायरी दिसत होती.

शालिग्रामने वहाणा काढल्या. त्याचा थोरला, गोटू, राखेचं टोपलं घेऊन मागे उभा राहिला. गावच्या म्हाताऱ्याने वादातल्या जागेतलं ढेकूळ उचललं आणि शालिग्रामच्या डोक्यावर ठेवलं. तो निघाला. रस्त्यापासून उंबरापर्यंत दोघांचं भांडण नव्हतंच. तिथवर तो सरळ गेला. गोटूची राख मागे पडत होती. कोणी बोलत नव्हतं. सोजरबाईने पदर दातात धरला होता.

उंबराशी तो थांबला.

चालणारे थांबतात, हे वामनरावांना ठाऊक होतं. त्यांनी कितीतरी जण पाहिले होते. खोटा थांबला की पायाकडे बघतो. घाबरलेला थांबला की मागे, घराच्या दिशेला बघतो. शालिग्रामने मान वळवली आणि सरळ वामनरावांकडे पाहिलं.

काय असेल त्या बघण्यात, ते एका क्षणात कळलं असतं. हे एवढं एकच काम तर त्यांना येत होतं. पण त्याच क्षणी त्यांना गावाच्या शंभर डोळ्यांची जाणीव झाली. मुन्सफ आणि प्रतिवादी एकमेकांकडे बघताहेत. उद्या बोलतील, खूण केली. वामनरावांनी मान फिरवली आणि नदीकडे पाहिलं.

लोकांमधून एक हलका आवाज उठला. त्यांनी परत पाहिलं तेव्हा शालिग्राम चालू लागला होता. तो उंबराच्या पलीकडून, सोजरबाईच्या बाजूने गेला नव्हता, जशी त्याची मागणी होती. उंबराला टेकूनही गेला नव्हता, जशी तिची होती. तो स्वतःच्या शेतात शिरला होता. उंबर पूर्ण सोडून, त्याच्याही अलीकडचा चांगला पट्टा सोडून, ढेकूळ डोक्यावर सांभाळत तो नदीपर्यंत गेला. गोटू गोंधळला, पण राख टाकत राहिला. नदीत ढेकूळ सोडून शालिग्राम मागे न बघता घरी गेला.

सोजरबाईला मागितल्याहून जास्त मिळालं. वामनरावांनी तसा निकाल लिहिला. शपथेची रेघ तीच शीव. त्यात त्यांच्या मताला जागा नव्हती.

गावात मतं मात्र पुष्कळ होती. कोणी म्हणे, खरी शीव तीच होती, पाटील इतकी वर्षं दाबून बसला होता, ढेकूळ चढलं तेव्हा घाबरला. कोणी म्हणे, विधवेची दया आली. आणि काही जण म्हणत की दोस्ताच्या कोर्टात जिंकला असता तर दोस्ताचं नाव खराब झालं असतं, म्हणून सोडून दिलं. हे तिसरं दगाने सांगितलं तेव्हा वामनरावांनी त्याला दोनदा सांगायला लावलं.

ते खरं असेल तर? मग शालिग्राम त्यांच्यासाठी खोटी शीव चालला. आपल्या तोट्याची असली तरी खोटीच. त्यांनी दावा खंडव्याला पाठवला असता तर त्याला ते करावं लागलं नसतं. म्हणजे त्याला तासभर बघण्यासाठी त्यांनी त्याच्या डोक्यावर ढेकूळ चढू दिलं होतं.

दिवाळीच्या सुमाराला तापाची साथ आली. त्या साथीने घरंच्या घरं आडवी केली. बहादरपुरात गोटू गेला.

"शीव खोटी चालला," गाव म्हणालं. "आखाजीच्या आत गेलं."

"साथीत अर्धा मुलूख गेला, दगा," वामनराव म्हणाले. "ते सगळे काय शीव चालले होते?"

"मी कुठं म्हणतो साहेब. लोक म्हणतात."

"सोजरबाईच्या घरी?"

"तिचा भाऊ गेला की. तिला कोणी काय म्हणत नाही."

वामनराव उठले. "पिठलं टाक. भाकऱ्या टाक. शालिग्रामच्या घरी नेऊन दे."

दगाने चूल पेटवली. तो संध्याकाळी परतला तेव्हा वामनराव फाटकातच उभे होते.

"घेतलं?"

"घेतलं साहेब. पाटलांनी हातानं घेतलं." दगा फाटकाबाहेरच उभा राहिला. "पण टोपली रिकामी नाही दिली. मूठभर ज्वारी टाकली. रिकामं भांडं देत नाहीत ना." त्याने टोपली पुढे धरली. "आत आणू का साहेब? का परत देऊन येऊ?"

"आण," वामनराव म्हणाले. ते आत निघून गेले.

ते १९२३ साली रिटायर झाले. सत्कारात हार घातला गेला. तो घ्यायला आता हरकत नव्हती. दुसऱ्या दिवशी गिरधरशेठच्या दुकानात गेले. शेठ वारला होता, गादीवर त्याचा मुलगा होता. त्याने उठून खुर्ची मागवली. गादीवर कोणी त्यांना बसा म्हटलं नाही.

मग ते बहादरपूरला गेले. वाटेत सोजरबाई आपल्या शेतात दिसली. थांबून त्यांनी विचारलंच, "बाई, खरी शीव कुठे होती?"

"आता काऊन विचारता साहेब?" ती हसली. "मी मागितलं उंबरापर्यंत. भाऊंनी दिलं त्याच्याही पुढं. माझंच दिलं की त्यांचं दिलं, मले काय मालूम? पाय त्यांचे होते."

शालिग्राम ओट्यावर बसला होता. वामनरावांना बघून उठला नाही, पण सरकला.

"कोण आलंय?" त्याने विचारलं. "हुजूर का वामन्या?"

"वामन्या."

"मग वहाणा काढ ना बाबा. कोणाच्या कोर्टात आलाय?"

सुनेने भरीत-भाकरी आणली. वामनराव जेवले. शालिग्राम त्यांच्या ताटाकडे बघत होता. "खातो रे, खातो," तो म्हणाला. "मले वाटलं, सरकारनं दात काढून घेतले." दोघे हसले. गोटूच्या पोराचं नाव काय, बैलजोडी कुठून आणली, घाटावरच्या कुठल्या पायऱ्या गेल्या, सगळं बोलून झालं. उन्हं उतरली. मग वामनरावांनी विचारलं, "शालिग्राम, त्या दिवशी उंबराशी..."

शालिग्रामने हात वर केला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"ते नाही," तो म्हणाला. "ते बोलायचं नसतं. तुले मालूम नाही? तुझाच तर धंदा होता."

"आता गोटू गेलाय. आता आणखी काय जायचं राहिलंय?"

"गोटूचं पोरगं हाये की," शालिग्राम म्हणाला, आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.

वामनराव पुन्हा गेले. पुढे दर गुरुवारी जात राहिले. टांगेवाल्याला पत्ता सांगावा लागत नसे. दोघे ओट्यावर बसत, कधी घाटापर्यंत चालत जात. उंबर वाटेतच होता. त्याच्याजवळून जाताना शालिग्राम मासळीबद्दल काहीतरी बोलायला लागे आणि उंबर मागे पडेपर्यंत बोलत राही. लोकांना वाटे, दोन म्हाताऱ्यांचं किती छान जमलंय. जमलं होतंच. परतीच्या टांग्यात मात्र वामनराव पूर्वीसारखेच पडदा ओढून बसत.

शीव खरी होती की खोटी, याचं त्यांना आता फारसं काही वाटत नव्हतं. नदीने तो काठ पुन्हा दोनदा बदलला होता. त्यांना एवढंच कळायला हवं होतं: शालिग्राम, त्या सकाळी मी मान फिरवली नसती, तुझ्याकडे नुसतं बघत राहिलो असतो, तर तू कुठून चालला असतास?